सत्कार संपेपर्यंत झेपेल असा बास

आमच्या ऑर्केस्ट्रातली चार माणसं एके ठिकाणी बसली की किस्से निघतातच. टेम्पो बंद पडलेला असतो, जनरेटरवाला डिझेल आणायला म्हणून गेलेला असतो तो गेलेलाच असतो, नवरदेव अजून पारावरच असतो. वेळ तर काढायचा! एकानं सांगितला की दुसऱ्याला आठवतो. वर्षानुवर्षं हे असं साठत जातं. घरात जुन्या मोबाईलचे चार्जर साठतात ना, तसं. कोणता कशाचा ते कळत नाही, आणि टाकवतही नाहीत.

बाकीच्यांचे किस्से स्टेज कोसळल्याचे, ऐन हळदीत गायिकेचा घसा बसल्याचे. ऐकायला मजा येते. माझे सगळे एका खांद्याचे आहेत. ऐका बापडे. मी तर सांगून सांगून दमलो.

*

मी बास गिटार वाजवतो. चार जाड तारा, खालचा घुमणारा आवाज. लोक म्हणतात, ऐकूच येत नाही. खरंय. पण थांबवला की डोक्याखालची उशी काढून घेतल्यासारखं होतं. माझा बास तरुणपणी घेतलेला, भरीव लाकडाचा. आवाज असा गोल आणि उबदार की जुनं गाणं त्याच्याशिवाय उभंच राहायचं नाही. वजन मात्र पाट्यावरवंट्याचं.

पण खांदा गाण्यांनी नाही गेला. खांदा गेला सत्कारांनी!

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा गाण्यांसाठी बोलावतात असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही बाहेरचे. दोन गाणी झाली की सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. अण्णांचा, म्हणजे आमच्या मालकांचा, नियम आहे. मान्यवर उभे असताना कलाकारानं बसायचं नाही, आणि वाद्य गळ्यातून काढायचं नाही. कारण प्रत्येक शालीला एक तुकडा वाजवायचा असतो. शाल पडली, टॅण्ट टॅडॅण! नारळ दिला, टॅण्ट टॅडॅण!

शेवगावला एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला सत्कार सुरू झाले तेव्हा ऊन होतं. संपत आले तेव्हा मांडवातले लाईट लागले होते. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. शेवटी निवेदकानं यादी खिशात घातली. मी म्हटलं, सुटलो बाबा! तेवढ्यात तो माईकमध्ये म्हणाला, "अनावधानानं कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर त्यांनी कृपया स्टेजवर यावं."

अर्धा मांडव उठला!

दुसऱ्या दिवशी डावा हात वर जाईना. मंगलनं, म्हणजे आमच्या बायकोनं, शर्ट घालून दिला. बटणं लावता लावता म्हणाली, "सत्कार त्यांचे, आणि हळद लावायची मी!"

*

नगरला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी हात फिरवून पाहिला, खांदा दाबला, मी कळवळलो. म्हणाले, "मार्केट यार्डात आहात का?"

"नाही. गिटार वाजवतो."

ते हसले. मी बाहेर ठेवलेला बास आत आणला आणि त्यांच्या हातात दिला. हसायचे थांबले. त्यांनी तो कसाबसा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, मी हमालांना जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो. एकतर ओझं हलकं करा, नाहीतर धंदा बदला."

हे मी येऊन अण्णांना सांगितलं, ही चूक. आमचा कीबोर्डवाला पिंट्या तिथंच बसलेला. पोरगं हुशार, हात वाऱ्यासारखा चालतो. तो म्हणाला, "अण्णा, बास मी डाव्या हातानं काढतो की कीबोर्डवर. काकांना मिक्सरवर बसवा. खुर्ची पण मिळंल."

अण्णा माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "सुरेश, वाईट वाटून घेऊ नकोस. खंडेनवमीपर्यंत थांबतो. तोवर हलका बास मिळव."

खंडेनवमीचं आमच्यात असं आहे, की त्या दिवशी सगळी वाद्यं अण्णांच्या ओट्यावर मांडून पूजा होते, आणि ज्याचं वाद्य पूजेला त्याचा सीझन. लग्नसराईभर तो ऑर्केस्ट्रात. ज्याचं नाही, त्यानं नारळाचा प्रसाद खायचा आणि घरी जायचं. मिक्सर ओट्यावर मांडत नाहीत. ते मशीन, वाद्य नव्हे. म्हणजे मी कुठं जाणार ते मला कळलं.

*

शोध सुरू झाला. नगरमधल्या एका दुकानात गेलो. भिंतीवर बास टांगलेले, सगळे चकाचक. कुणाला पाच तारा, कुणाला आत बॅटरी. सेल्समन पोरगा उत्साही. मी म्हटलं, "मला जुन्या गाण्यांसारखा आवाज हवाय, आणि हलका हवाय."

"काका, ह्यात सगळे आवाज आहेत. फक्त नॉब फिरवा!"

त्यानं एक माझ्या गळ्यात घातला. हलका होता, खरंच. मी दोन सूर वाजवले, बरे वाटले. मग हात बाजूला घेऊन गप्प उभा राहिलो. हळूहळू बासची मान खाली जायला लागली. धड हलकं, मान जड. तिला सारखा हातानं टेकू द्यायचा, म्हणजे खांद्याचं दुखणं मनगटात. दुसरा घेतला, परत उभा. तिसरा घेतला, परत उभा. दुकानात बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

पोरगा वैतागला. "काका, वाजवा ना! नुसते काय उभे राहिलात?"

म्हटलं, "वाजवतो नंतर. आत्ता सत्कार चाललाय."

*

मग पिंट्यानंच मोबाईलवर एक बास दाखवला. जुन्या घाटाचा, दोनच नॉब, आणि मुद्दाम जुना केलेला! कडांचा रंग खरवडलेला, हात टेकतो तिथं लाकूड उघडं. मागवला. मंगलनं खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "फसवलं हो तुम्हाला! कुणाची तरी वापरलेली पाठवली."

मी समजावलं, की नवाच आहे, कंपनीच असा घासून देते, लोकांना आवडतं.

"मग आपण घराला रंग कशाला दिला?"

मी बास गळ्यात घातला आणि खांदाच खाली गेला. माझ्या जुन्याइतकाच जड! खोक्यात घालून परत पाठवायचं ठरलं. ते व्हायच्या आत मला अण्णांबरोबर श्रीगोंद्याला जावं लागलं, बास वाजवायला नव्हे, मिक्सर शिकायला.

संध्याकाळी परत आलो तर दारात मेहुणा उभा. त्याचं भिंगारमध्ये ट्रॅक्टर रंगवायचं गॅरेज आहे. माणूस देव. चेहऱ्यावर एवढा आनंद की मला भीतीच वाटली.

"दाजी, ताईनं दाखवली. लई खराब झाली हुती. म्हनलं, दाजी स्टेजवर घेऊन उभे राहनार, लोक काय म्हनतील!"

बास वाळत होता. ट्रॅक्टरचा लाल. वर लॅकर. कडेनं पिवळी रेघ.

त्यानं दुपारचं जेवण सोडून केलेलं काम. म्हटलं, "छान झालंय." परत पाठवायचा तर प्रश्नच मिटला. शेवटी एका बेंजो पार्टीला तो दिला. त्यांचा टेम्पो लालच होता. त्यांना एकदम पसंत! मेहुण्याला वाटतं, अजून माझ्याकडे आहे. दर दिवाळीला विचारतो, "रंग टिकला ना, दाजी?" मी हो म्हणतो. उडाला कशाला असेल!

*

कुणीतरी म्हणालं, राजूरला एका किराणा दुकानदाराकडे जुना बास आहे, तरुणपणी वाजवायचा. मी एसटीनं गेलो. अकोले सोडलं की घाटाची वळणं, खांदा प्रत्येक वळणाला आठवण करून देणारा.

दुकानदार म्हातारा, खुशीत आला. पोटमाळ्यावरून बास काढला, धूळ झटकली. आहाहा! काय घाट! मी हातात घेतला आणि माझा विश्वास बसेना. कापसासारखा हलका. गळ्यात घातला, हात सोडले, मान सरळ. उभा राहिलो. आणखी उभा राहिलो. खांद्याला काही कळेचना. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

तारा मात्र नव्हत्या. "तारा मागं शेळ्यांच्या फाटकाला बांधल्यात," म्हातारा म्हणाला. "लई मजबूत. बोकडाला पन तुटल्या न्हाईत."

म्हटलं, तारा नव्या घालू. आनंदानं मी बासच्या पाठीवर थाप मारली.

आतून भुसा पडला. मग आणखी पडला. मग थांबेचना. वाळवीनं आतून सगळा खाल्लेला, नुसतं वरचं कवच शिल्लक!

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो जरा रागावलाच. "हलकं पायजे म्हनला ना तुमी?"

*

हे सगळं होईस्तोवर कार्यक्रम थोडेच थांबतात? मी मिक्सरवर बसायला लागलो. खुर्ची मिळाली, खरंच. पिंट्याचा डावा हात बास वाजवत होता आणि मी त्याचाच आवाज कमीजास्त करत होतो.

बरा वाजवायचा. वाईट वाजवला असता तर बरं झालं असतं.

पाथर्डीला एका लग्नात कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मुद्दाम शोधत माझ्याकडे आले. दर वर्षी कुठं ना कुठं भेटणारे, जुन्या गाण्यांचे शौकीन. माझा हात हातात घेतला. म्हणाले, "मास्तर, आज तुमचा बास काय लागला होता! वा! इतका चांगला कधीच ऐकला नव्हता."

मी "थँक्यू" म्हटलं. वायरी गुंडाळल्या. घरी येऊन जेवलो नाही. मंगलनं विचारलं, "खांदा?" मी हो म्हटलं. खांदा नव्हता. माझी जागा गेली आणि कुणाला कळलंही नाही, हे मला फार लागलं. आयुष्यभर मीच सांगत आलो होतो, बास ऐकू येत नाही म्हणून!

*

आमचे ऑक्टोपॅडवाले रझाकभाई तसे कमी बोलतात. खंडेनवमी तोंडावर आली तेव्हा चहा पिताना म्हणाले, "सुरेशभाऊ, तुमच्या मागच्या गल्लीत जॉर्ज अंकल राहतात, फौजेच्या बँडमधून रिटायर झालेले. त्यांना विचारलं का?"

मी नगर, राजूर पालथं घातलं, आणि माणूस माझ्या मागच्या गल्लीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हटलं, "रझाकभाई, हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही आल्यापासून खांद्याचंच सांगताय."

अंकलच्या घरी गेलो. बास पलंगाखालून निघाला. जुन्या घाटाचा, दोन नॉब, बॅटरी नाही. रंग खरवडलेला, पण खरा, वापरून वापरून. हलका. मान सरळ. वाजवला आणि तो आवाज आला! गोल, उबदार, जरासा झोपाळू. जुनी गाणी सगळी आत बसलेली. मग मी हात सोडून गप्प उभा राहिलो. अंकलनी काही विचारलं नाही. फौजेतला माणूस, तेही कधीतरी पाहुण्यांसाठी असेच ताटकळले असणार. ते चहा करून घेऊन आले तरी मी उभाच. आणि खांदा गप्प!

अंकलची बोटं आता वळत नाहीत. म्हणाले, "ले जाओ. पण दोन गोष्टी. तार बदलायची नाही. माझी मुलगी शाळेत होती तेव्हापासूनची तार आहे, आवाज त्या तारेतच आहे. आणि ह्याच्यावर कसली पावडर टाकायची नाही. नॉबमध्ये जाते, मग खरखर करतो."

मी म्हटलं, कबूल. घराच्या दारापर्यंत आलो आणि पाय थांबले. पावडर म्हणजे हळदकुंकूच की!

*

खंडेनवमीला अण्णांच्या ओट्यावर वाद्यं मांडली. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, आणि कडेला अंकलचा बास. अण्णा हळदकुंकवाचं ताट घेऊन एकेक करत आले. माझ्यापाशी आले तसा मी हात आडवा घातला.

"अण्णा, याला नको."

"नको म्हणजे?"

"शब्द दिलाय."

"मग ही पूजा झाली का? कुंकू न लागलेलं वाद्य मी सीझनला कसं घेऊ?" अण्णा चिडले. पिंट्या म्हणाला, थोडंसं लावा, कोण बघतंय. रझाकभाई म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. ताट तिथंच हवेत थांबलेलं, आणि माझा सीझनही.

मंगल बायकांमध्ये बसली होती. उठली, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली सोलली आणि बासच्या कपाळावर, म्हणजे जिथं तारा गुंडाळतात तिथं, चिकटवली.

"झालं की! आम्हाला चालते ती ह्याला चालत नाही?"

अण्णांनी टिकलीकडे बघितलं, मंगलकडे बघितलं आणि फूल वाहिलं. नंतर मी अंकलना जाऊन टिकली दाखवली. ते चष्मा लावून बघत राहिले. म्हणाले, "ओके. पावडर नाही ना!"

*

वाटलं, सुटलो. पण अण्णा म्हणाले, "पूजा झाली ते देवाचं. तुझ्या खांद्याचं काय? अख्खा कार्यक्रम उभा राहून दाखव, मग बोलू." आणि मान खाजवत राहिले. त्यांच्या मान खाजवण्याचा अर्थ मला कोजागिरीला कळला.

कार्यक्रम परत शेवगावलाच, त्याच पतसंस्थेचा. टेम्पोतून उतरलो आणि समोर फ्लेक्स. भला मोठा. पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधलेला माझा फोटो, आणि वर लिहिलेलं, 'सेवापूर्ती सत्कार सोहळा'.

"अण्णा, हे काय?"

"अरे, तुला बास मिळायच्या आधीच टाकला होता छापायला. मला काय माहीत तुला मिळंल? आता फ्लेक्स परत घेत नाहीत रे. पाहुण्यांना पण सांगितलंय. सत्कार तेवढा करून घे."

"आणि मग?"

अण्णा परत मान खाजवायला लागले.

पहिली दोन गाणी वाजवली. मग निवेदकानं माझं नाव घेतलं. इतक्या वर्षांत कधी नाही ते, भर स्टेजवर मला खुर्ची दिली! बसायला सांगितलं. बास पिंट्याच्या गळ्यात अडकवला. कारण वाद्य गळ्यातून खाली ठेवायचं नाही, हा अण्णांचाच नियम. शाल पडली. नारळ आला. फेटा बांधला. भाषणं सुरू झाली. ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, ते माझ्या साधनेवर बोलले. पतसंस्थेचे व्हाईस चेअरमन म्हणाले, "मास्तर आता घरी निवांत आराम करतील." टाळ्या. मला त्या टाळ्या नको होत्या. मी खाली नारळाकडे बघत बसलो. जिल्ह्यातला सगळ्यात सुखाचा बास मला शेवटी मिळाला होता, आणि मी खुर्चीत!

आणखी दोन भाषणं झाली. शेवटी पिंट्या माझ्या खुर्चीपाशी आला. घामाघूम. बास काढला आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात घातला, शालीच्या वरूनच.

"काका, घ्या बाबा तुमचं तुमी! हलका हलका म्हनता, माझा खांदा गेला! आता डावा हात चालायचा न्हाई माझा."

मी उठलो. शालीची घडी पट्ट्याखाली नीट सरकवली. रझाकभाईंनी काठ्या वर उचलल्या. अण्णा माझ्याकडे बघत होते. गाणं सुरू होणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा, थांबा! चेअरमन साहेब आलेत!"

चेअरमन एकटे नव्हते, गाड्या भरून संचालक मंडळ होतं. शालींचा नवीन गठ्ठा आला. निवेदकानं खिशातून यादी काढली. आम्ही उभे. टॅण्ट टॅडॅण! टॅण्ट टॅडॅण! कढईतलं दूध आटत आलं, लोक पेले हातात घेऊन ताटकळले. पिंट्या कीबोर्डला टेकला. रझाकभाईंनी पाय बदलले. अण्णा सगळा वेळ माझ्या खांद्याकडे बघत होते.

शेवटची शाल पडली. निवेदकानं यादी मिटली. अण्णा माईकवर हात ठेवून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सुरेश, खरं सांग. कसं काय?"

मी मांडवाकडे नजर टाकली.

"अण्णा, अनावधानानं कुणाचं राहिलंय का, विचारा ना."